चित्राची डावी कड कापू नका

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला इटालियन चित्रकार टिशियनच्या 'बॅकस आणि एरियाडनी'वरचा लेख आवडला, पण सोबतचे चित्र पाहून जिवाला लागले. डावीकडची पट्टी सरळ कापून टाकली आहे. मूळ चित्र १७६.५ बाय १९१ सेंटिमीटरचे, जवळजवळ चौरस. दोन कॉलमांत बसवायला ते उभे करावे लागले असणार, हे कळते. पण कात्री नेमकी तिथेच लावायची?

त्या पट्टीत ग्रीक पुराणकथेतला वीर थिसियस याचे जहाज आहे. जिच्या धाग्यामुळे तो चक्रव्यूहातून जिवंत बाहेर आला, त्या राजकन्या एरियाडनीलाच नाक्सॉस बेटावर टाकून निघालेला. जहाज अगदी इवलेसे. एरियाडनीचा हात अजून समुद्राकडे, मान मात्र रथातून झेपावलेल्या मद्यदेव बॅकसकडे वळलेली. काल शेजारच्या मुलीला अंक दाखवला, तर तिने विचारले, "ही त्याला घाबरून पळतेय का?" जहाजच नाही, तर तिने दुसरे काय समजावे! वरचा ताऱ्यांचा मुकुटही त्याच कात्रीत गेला आणि लेखात मात्र त्यावर अख्खा परिच्छेद आहे.

दहा वर्षांपूर्वी मुलीकडे लंडनला गेले होते, तेव्हा नॅशनल गॅलरीत या चित्रापुढे सहा वर्षांच्या नातवाला घेऊन उभी होते. आधी तो छोटा सॅटर (अर्धा माणूस, अर्धा बोकड) दोरीने ओढत असलेले वासराचे मुंडके बघण्यात रमला. मग एकदम ओरडला, "आजी, तिची होडी चालली गं!" मी एकतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, पण हे चित्र इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आले नव्हते. टिशियनने फेर्राराच्या ड्यूकसाठी १५२० ते १५२३ या काळात ते काढले, तेव्हा त्याने तो कोपरा काही रिकामी जागा भरायला रंगवला नव्हता.

आणखी एक. चित्राखालच्या ओळीत रथाचे प्राणी 'बिबटे' म्हटले आहेत. ते चित्ते आहेत. बॅकस हिंदुस्थानची मोहीम करून परतला अशी जुनी कथा आहे, त्या मोहिमेची खूण म्हणून तर ते महत्त्वाचे. कुनोत चित्ते आले तेव्हा आपणच बिबट्या आणि चित्ता यांतला फरक चित्रांसह छापला होता.

पुढच्या रविवारी हे चित्र लहान आकारात का होईना, चारही कडांसह पुन्हा छापावे, ही विनंती.

— एक निवृत्त कलाशिक्षिका, सातारा