जुनी टू-स्ट्रोक उभी राहिली, पण चालते का?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकली शोधून, दुरुस्त करून पुन्हा उभ्या करण्याची हौस अलीकडे पुष्कळ वाढली आहे. भंगारात जाण्याच्या बेतात असलेली गाडी कुणीतरी घरी आणतो, तिचा नट न् बोल्ट सुटा करतो आणि वर्ष-दोन वर्षांनी ती लखलखीत करून बाहेर काढतो, हे पाहताना मला मनापासून आनंद होतो. मात्र अशा गाड्यांजवळ थांबून मालकांशी बोलले की एक गोष्ट वारंवार लक्षात येते. रंग, क्रोम, सीट, टाकीवरचा बिल्ला यांविषयी ते भरभरून सांगतात. पण पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) किती ठेवले आहे, क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याची, सील कधी बदलली, असे विचारले की संभाषण तिथेच थांबते, आणि गाडी तेथवर टेम्पोत घालून आणलेली आहे हेही पुष्कळदा कळते. टू-स्ट्रोकचा जीर्णोद्धार तिच्या इंजिनापासून सुरू व्हावा आणि ती गाडी नियमित चालावी, एवढे म्हणणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या वडिलांकडे 250 सीसीची जावा होती. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. आणि गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होत असे. टाकीच्या झाकणाला आतून ऑइलचे माप जोडलेले होते. पाच लिटर पेट्रोलला 200 मिलिलिटर, म्हणजे पंचवीसास एक, हे प्रमाण मी पाढ्यांच्या वयात शिकले. ऑइल ओतल्यावर वडील गाडी दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवीत, कारण न ढवळलेले ऑइल तळाशी बसते आणि पहिल्याच किकेला प्लग ओला करते. मग निळसर धुराचा एक लोट, तो गोडसर जळका वास आणि जागेवर उभ्या असलेल्या इंजिनाचा तो अडखळता आवाज येई. त्या अडखळण्यालाही कारण असते, हे मला खूप नंतर समजले. थ्रॉटल (अॅक्सिलरेटर) बंद असताना सिलिंडरमध्ये जळलेला वायू इतका उरतो की प्रत्येक फेरीला मिश्रण पेटतच नाही. एखाद-दोन फेऱ्या वाया जातात आणि मग पुरेसे ताजे मिश्रण साठले की एक ठोका पडतो. थ्रॉटल उघडताच हेच इंजिन सलग, एकसुरात बोलू लागते, आणि ज्यांनी या गाड्या चालवल्या आहेत त्यांच्या कानात आयुष्यभर राहतो तो हा बदलाचा क्षण.

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंगची साखळी नाही. सिलिंडरच्या भिंतीत कापलेल्या खिडक्या, ज्यांना आपण पोर्ट म्हणतो, त्या वर-खाली जाणारा पिस्टनच उघडतो आणि मिटतो. जोसेफ डे यांनी 1891 च्या सुमारास क्रँककेसचाच, म्हणजे क्रँकभोवतीच्या बंद पेटीचाच, पंपासारखा उपयोग करून घेतला, तेव्हापासून या यंत्राचा सांगाडा मुळात तोच आहे. ताजे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते, तेथे दाबले जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. क्रँककेसमधून पेट्रोल आणि हवा वाहत असल्यामुळे तेथे ऑइल साठवून ठेवता येत नाही. म्हणून ते पेट्रोलबरोबर पाठवावे लागते. यामाहाने 1964 मध्ये त्यासाठी वेगळा पंप आणला आणि मापाने ऑइल मिसळण्याचे काम पुढे हळूहळू संपत गेले, पण तत्त्व बदलले नाही. उतारावर थ्रॉटल मिटून गाडी इंजिनाच्या रोधावर सोडली की पेट्रोलबरोबर ऑइलही जवळजवळ थांबते आणि पिस्टन कोरडा धावतो. आज फोर-स्ट्रोकवर हात बसलेला माणूस जुनी टू-स्ट्रोक घेऊन घाट उतरतो तेव्हा तो नेमके हेच करतो, आणि इंजिन जाम झाल्यावर दोष गाडीच्या वयाला देतो.

या गाड्यांची मोठी परंपरा जर्मनीतल्या त्शोपाऊ या लहान गावाशी जोडलेली आहे. तेथल्या डीकेडब्ल्यू कारखान्याने आडोल्फ श्न्युर्ले यांची पोर्टची मांडणी स्वीकारली. या मांडणीत दोन बाजूंच्या पोर्टमधून येणारे ताजे मिश्रण एक्झॉस्टकडे सरळ न जाता मागच्या भिंतीकडे वळते आणि वळसा घेऊन जळलेला वायू बाहेर ढकलते. त्यामुळे पिस्टनच्या माथ्यावरचा जड उंचवटा गेला आणि इंजिन हलके व थंड चालू लागले. त्याच कारखान्याची 1939 ची आरटी 125 ही गाडी महायुद्धानंतर जगभर नक्कल करून बनवली गेली. ब्रिटनची बीएसए बँटम, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने काढलेली 125 सीसीची गाडी, सोव्हिएत मॉस्क्वा आणि 1955 ची यामाहाची अगदी पहिली मोटारसायकल वायए-1, या सगळ्या तिच्याच लेकी. पुढे त्याच गावात, आता पूर्व जर्मनीत, एमझेड या कंपनीच्या रेसिंग विभागात वाल्टर काडेन यांनी एक्झॉस्टचे रहस्य उलगडले. एक्झॉस्ट पोर्ट उघडताच निघणारी दाबाची लाट रुंदावणाऱ्या शंकूत पोचली की सिलिंडरमधून वायू ओढून घेते, आणि पुढच्या निमुळत्या शंकूवर आपटून परतली की बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. या एका समजुतीवर त्यांनी 1961 पर्यंत 125 सीसीच्या इंजिनातून 25 हॉर्सपॉवर काढून दाखवले. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पूर्व जर्मनी सोडून पश्चिमेकडे पळून गेला, आणि 1962 मध्ये सुझुकीने 50 सीसीचे जगज्जेतेपद त्याच्याच हातून मिळवले.

हा इतिहास मी सांगते तो केवळ कौतुकासाठी नाही. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा आवाज दाबणारा डबा नसून इंजिनाचाच एक भाग आहे, हे त्यातून दिसते. त्याची लांबी, पोटाचा घेर, आतल्या जाळीचे अंतर हे सारे पोर्टच्या उंचीशी जुळवून ठरवलेले असते. आज जीर्णोद्धाराच्या नावाखाली सर्वांत आधी तोच टाकून दिला जातो आणि त्याजागी आवाज मोठा करणारा, दिसायला रेसिंगचा वाटणारा पाइप बसवला जातो. परिणामी खालच्या फेऱ्यांतला जोर जातो, कार्बोरेटरमधले जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) लहान-मोठे करण्याचा खेळ सुरू होतो, पिकअप सापडत नाही, आणि शेवटी कुणीतरी सिलिंडरचे पोर्ट घासून मोठे करण्याचा सल्ला देतो. घासलेला पोर्ट पुन्हा भरता येत नाही.

माझ्याकडून अशीच एक चूक झाली आहे. वडिलांची गाडी अनेक वर्षे बंद राहिल्यावर मी ती कामाला काढली, तेव्हा दोन्ही सायलेन्सर आतून कार्बनने इतके भरले होते की फुंकर पलीकडे जाईना. ते तापवून, आतला कोळसा ठोकून काढून साफ करता येतात हे मला ठाऊक नव्हते. मी नवे क्रोम केलेले सायलेन्सर बसवले आणि जुने भंगारात दिले. नव्यांचा आकार बाहेरून हुबेहूब आहे, पण आतली मांडणी वेगळी आहे, आणि गाडीचा तो ओळखीचा आवाज परत आलेला नाही.

दुसरी चूक ज्या दुकानात मी सिलिंडरचा ब्लॉक बोअर करायला, म्हणजे आतून कापून रुंद करायला, दिला तेथे झाली. सिलिंडर ओव्हरसाइज करून आला, पिस्टन बरोबर बसला, पण बोअर केल्यानंतर पोर्टच्या धारदार कडा हलक्या हाताने मोडाव्या लागतात, त्या कुणी मोडल्या नव्हत्या. पिस्टनची रिंग पोर्टसमोरून जाताना किंचित बाहेर फुगते; कड धारदार असेल तर ती अडकते. म्हणूनच टू-स्ट्रोकच्या रिंगची टोके जागेवर राहावीत यासाठी पिस्टनच्या खाचेत बारीक पिन असते. माझ्या गाडीची रिंग दीडशे किलोमीटरच्या आत तुटली आणि पिस्टनही गेला. तेव्हा एका वयस्क मेकॅनिकने मला ब्लॉक उजेडात धरून बोटाने त्या कडा चाचपायला लावल्या. त्यानंतर मी कोणताही ब्लॉक तसा चाचपल्याशिवाय बसवलेला नाही.

त्यांनीच मला सीलचे महत्त्व शिकवले. क्रँकच्या दोन टोकांना असलेली रबरी सील वर्षानुवर्षे उभ्या गाडीत कडक होतात. क्लचच्या बाजूचे सील गेले तर इंजिन गिअरबॉक्समधले ऑइल ओढते आणि न थांबणारा पांढरा धूर सोडते. मॅग्नेटच्या बाजूचे गेले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडून ते पातळ होते, पिस्टन तापतो आणि इंजिन पकडते. हा दुसरा दोष अधिक घातक, कारण तो धुरासारखा दिसत नाही. गाडी उलट हलकी, चपळ झाल्यासारखी वाटते, थ्रॉटल मिटल्यावरही फेऱ्या लवकर उतरत नाहीत, आणि मालक खूश असतानाच पिस्टन वितळत असतो. तपासणी अवघड नाही. कार्बोरेटरचे आणि एक्झॉस्टचे तोंड रबराने बंद करावे, 5 ते 6 पीएसआय इतकीच हवा भरावी आणि काटा काही मिनिटे स्थिर राहतो का ते पाहावे. उतरत असेल तर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात. रंगकामाला महिने देणाऱ्या माणसाने या तपासणीला अर्धा तास देऊ नये, याचे मला दुःख होते.

टायमिंगचेही तसेच आहे. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्यापूर्वी किती मिलिमीटरवर पॉइंट (ठिणगी पाडणारा स्विच) उघडायचा, हे प्लगच्या भोकात डायल गेज लावून मोजतात. तो अंक निर्मात्याने ठरवलेला असतो आणि त्यात थोडासा फरकही पिस्टनला भोक पाडायला पुरतो. जुने कारीगर गेजशिवाय, सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून, तो सुटतो तो क्षण बोटांनी ओळखत. प्लगच्या टोकाचा रंग पाहून ते जेट सांगत. कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढरा पडला असेल तर आधी गाडी बंद करा, असा त्यांचा हुकूम असे. ही माणसे आता थकली आहेत आणि त्यांच्या हातांनी, कानांनी शिकलेले फारसे कुठे लिहून ठेवलेले नाही. तीन सिलिंडरची, 60 हॉर्सपॉवरची 1969 ची कावासाकी एच1 असो की साधी 125, यंत्राची पुस्तिका मिळू शकते. पण ओल्या प्लगचा वास आणि जळक्या क्लचचा वास यांतला फरक पुस्तिकेत नसतो.

रंगाविषयी माझे मत थोडक्यात सांगते. जिथे पत्रा गंजून खाल्ला गेला आहे तिथे रंग द्यावाच लागेल. पण टाकीवरची हाताने ओढलेली सोनेरी रेघ शाबूत असेल, गुडघा घासून रंग पातळ झाला असेल, तर ते तसेच राहू द्यावे. आमच्या गाडीच्या टाकीवर डाव्या बाजूला अशी एक जागा आहे आणि ती मी रंगवू दिलेली नाही.

या गाड्या धूर ओकतात, मग त्या जपायच्या कशाला, असे कुणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. एक्झॉस्ट पोर्ट उघडा असतानाच ताजे मिश्रण आत येते, त्यामुळे काही भाग न जळताच बाहेर जातो. हा या रचनेचा स्वभाव आहे आणि प्रदूषणाच्या नियमांपुढे ती रस्त्यांवरून गेली ती याच कारणाने. मोटारसायकल शर्यतींच्या सर्वोच्च गटातही 2002 पासून फोर-स्ट्रोक आल्या आणि 125 सीसीचा टू-स्ट्रोक गट 2011 नंतर बंद झाला. या निर्णयांविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. परंतु महिन्यातून दोन-चारदा निघणारी, चांगले ऑइल योग्य प्रमाणात घातलेली, सील आणि कार्बोरेटर नीट असलेली गाडी, आणि वर्षातून एकदा कशीबशी चालू होऊन ढग उठवणारी सजवलेली गाडी, यांत पहिली कितीतरी स्वच्छ असते. शिवाय बंद गाडी झपाट्याने खराब होते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा धरते, टाकी आतून गंजते, कार्बोरेटरमध्ये चिकट थर बसतो, आणि जी सील चालत्या गाडीत ओली, मऊ राहतात तीच उभ्या गाडीत तडकतात.

म्हणून ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी जवळच्या एखाद्या जुन्या मेकॅनिककडे बसून टायमिंग लावायला शिकावे, ते सांगतात ते वहीत लिहून घ्यावे, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग, तो तुटका असला तरी, तारीख लिहून डब्यात जपून ठेवावा. माझ्या डब्यात वडिलांच्या गाडीचा मोडलेला पिस्टन आहे, कडक झालेली दोन सील आहेत, घासून संपलेले पॉइंट आहेत. ते दोन सायलेन्सर तेवढे नाहीत.

आपली नम्र,
एक वाचक