कुंदे, खापर माझ्याकडे आहे

पुणे
रविवार, दुपार

प्रिय कुंदे,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा उत्तरात त्यावर पहिलं पान खर्ची घालू नकोस. आधी हे वाच. यांना सांगितलं तर संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या कट्ट्यावर पोचेल, ऑफिसात सांगायची सोय नाही, आणि आपले खोदकामाचे सर आता राहिले नाहीत. उरलीस तू.

माझ्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली, एक खापर पडलंय. काळं, निम्म्या तळहाताएवढं, अगदी पातळ. बुकेरो, एट्रुस्कन लोकांची काळी भांडी. हसू नकोस. खापरांतलं तुझ्याइतकं मला कळत नसलं तरी मोडलेली कड बघायला मी विसरलेले नाही. आतपर्यंत काळीच आहे, मध्ये लाल पट्टी नाही. भट्टीची हवा तोडली की मातीतलं लोह काळं पडतं, तीच करामत. आपल्या काळ्या-तांबड्या भांड्यांत ती अर्ध्यावर थांबते, या लोकांनी पुरी केली. वर टिंबांनी काढलेला छोटा उघडा पंखा आहे. पंखेवाला बुकेरो म्हणजे इ.स.पू. सातवं शतक. आणि तो माझ्या टिचबटणांच्या शेजारी लोळतोय.

तब्येत म्हणशील तर बीपीची गोळी चालू आहे, गुडघा कुरकुरतो, बाकी बरं. सासूबाईंचे दात गेले, बाकी सगळं शाबूत, जीभ तर विशेष.

आता ते माझ्याकडे आलं कसं. मे महिन्यात इटलीचा ग्रुप घेऊन गेले होते. नेहमीचा नव्हे, पिसाच्या मनोऱ्याला हात टेकून फोटो आणि रात्री पनीर, तो नव्हे. कितीतरी वर्षं मी ऑफिसच्या मागे लागले होते की रोमच्या आधीचे लोक दाखवूया, एट्रुस्कन दाखवूया. यंदा एकदाचं पटलं. ग्रुप सगळा निवृत्तांचा, पुण्याकडचा आणि साताऱ्याकडचा. सगळ्यांना ‘काहीतरी वेगळं’ हवं होतं. वेगळं म्हणजे थडगी, हे त्यांना रोमजवळच्या चेर्वेतेरीच्या फाटकाशी कळलं. एक बाई म्हणाल्या, “अहो, म्हणजे आपण पैसे भरून स्मशानात आलो?” मी म्हटलं हो, आणि डबे बाहेर ठेवून या.

कुंदे, तू तिथे हवी होतीस. तिथलं बांदिताच्चाचं स्मशान म्हणजे गावच आहे. रस्ते, चौक, दगडात उमटलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या, आणि दोन्ही बाजूंना गवताने झाकलेल्या गोल टेकड्या, काही तर तीस मीटरच्या वर रुंद. आत उतरलं की घर. खाली ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड, तो कोरून खोल्या, दारं, खुर्च्या, पलंग, आणि छताला तुळया. दगडाच्या तुळया, ज्यांना पेलायला काहीच नाही! मी ग्रुपला म्हटलं, कार्ले-भाजे आठवा. तिथेही दगडात लाकूडकाम कोरलंय, वर खरं लाकूडही बसवलंय. सातारचे काका लगेच म्हणाले, “मॅडम, आपला कातळ बघा आणि हा भुसा बघा. हे काय, शाळेतली पोरंसुद्धा कोरतील.” काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त. खिशात मेजरिंग टेप. पुढे त्यांच्याबद्दल बरंच यायचंय, लक्षात ठेव.

इटालियन गाईड स्वतः पुरातत्त्ववाली. तिच्या इंग्रजीचं मराठी करायचं काम माझं. थडग्यांच्या दाराशी पुरुषांसाठी दगडी खुंट असतो आणि बायकांसाठी दगडाचं छोटं घर, असं ती सांगत होती. माझं मराठी पुरं व्हायच्या आत मागून आमच्या ग्रुपमधल्या आजींनी त्या खुंटाला हात जोडले आणि पिशवीतून फूल काढलं. गाईडने मला हळूच विचारलं, यांच्याकडे हे कोणाचं चिन्ह? मी म्हटलं, बाई, जेवताना सांगते, मोठी गोष्ट आहे. सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. ते खोखो हसले असते आणि मग गंभीर होऊन तासभर बोलले असते.

आणि ते रिलीफचं थडगं. मातुना नावाच्या घराण्याचं, इ.स.पू. चौथं शतक. काचेतून बघायचं. भिंतींवर आणि खांबांवर गिलाव्यात सगळा संसार उठवलाय: सुऱ्या, दोराचं वेटोळं, भांडी, हत्यारं, पलंगावर उशा. मेलेल्या माणसाला उद्या स्वयंपाक करायचाय अशी तयारी. इनामगावला ताम्रपाषाण काळातले आपले लोक पोरांना रांजणात घालून घराच्याच जमिनीखाली पुरायचे. मेलेलं घरात ठेवायचं की मेलेल्याला घर द्यायचं, यावर तू-मी तंबूत एक रात्र सहज काढली असती. दुसऱ्या दिवशी तू पेंगली असतीस आणि खड्ड्याची नोंदवही मी लिहिली असती. नेहमीप्रमाणे.

तार्क्वीनिया या दुसऱ्या एट्रुस्कन गावाला सहा हजारांच्या आसपास थडगी आहेत, त्यांतली दोनेकशे रंगवलेली. पायऱ्या उतरायच्या, बटण दाबायचं, काचेपलीकडे दिवा लागतो. बिबळ्यांच्या थडग्यात मेजवानी चालू आहे. पुरुष आणि बायका एकाच कोचावर रेलून जेवतायत, एकाच्या हातात अंडं, बासरीवाले, नाचणारे. नंतर रोमला विला जुलिया म्युझियममध्ये ते नवरा-बायकोचं मातीचं शवपात्र पाहिलं. 1881 मध्ये चेर्वेतेरीला सुमारे चारशे तुकड्यांत सापडलेलं, तुकडा तुकडा जोडलेलं. दोघं शेजारी रेलून हसतायत. बायका नवऱ्याबरोबर जेवायला बसतात म्हणून ग्रीक लेखकांनी या लोकांबद्दल काय काय लिहून ठेवलंय ते मी ग्रुपला जरा सोवळ्या मराठीत सांगितलं. सातारच्या काकू त्या शवपात्रापुढून हलेनात. म्हणाल्या, “आमच्या लग्नात हे आधी जेवले, मग यांचे मित्र, मग मी, आणि जिलबी संपलेली.” काका टेप गुंडाळत बसले.

तर हे काका. तार्क्वीनियाच्या पठारावर थडग्यांच्या कुंपणाबाहेर नांगरलेली शेतं आहेत. बसकडे येताना काका मागे राहिले. मला वाटलं, लघवीला. सह्याद्रीतल्या प्रत्येक गडावरचा एकेक दगड त्यांच्या घरी शोकेसमध्ये आहे, हे मला मुंबईच्या विमानतळावर उतरेपर्यंत माहीत नव्हतं. तिथे बॅगा यायची वाट बघताना त्यांनी एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. “मॅडम, आमच्याकडून आठवण. घरी जाऊन उघडा.” टिप असेल असं समजून मी पर्समध्ये टाकलं. घरी उघडलं तर हे. वर चिठ्ठी: ‘हिने घरात ठेवू दिलं नाही. म्हणते मढ्याच्या घरचं आहे. तुम्हाला यातलं कळतं.’

कळतं! काकांनी ते उचललं त्याच्या आदल्याच दिवशी चेर्वेतेरीच्या म्युझियममध्ये मी या मंडळींना ग्रीक चित्रकार एउफ्रोनिओसच्या, दारूत पाणी मिसळायच्या मोठ्या भांड्याची गोष्ट घसा फोडून सांगितली होती. तिथल्याच थडग्यातून चोरांनी काढलेलं, 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने दहा लाख डॉलरला घेतलेलं, 2008 मध्ये इटलीला परत मिळालेलं. इटलीत जमिनीतून निघालेली प्राचीन वस्तू सरकारची, हेही सांगितलं. काका पहिल्या रांगेत, मान डोलावत होते.

घरी एकटी असताना मी ते खापर धुतलं. मग (हे कुणाला सांगू नकोस) जिभेला लावलं. सवय. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, “भूक लागली तर डब्यात चिवडा आहे.”

आता तुला काय म्हणायचंय ते मला पाठ आहे. ‘नांगरलेल्या शेतात वर पडलेलं खापर! ना थर, ना खड्डा, उद्या ट्रॅक्टरखाली पीठ होणार. उचललं तर बिघडलं काय?’ हेच तू पिशवीत टाकलेल्या त्या ताम्रपाषाण काळातल्या जोर्वे खापराच्या वेळी म्हणाली होतीस, याच आवाजात, कमरेवर हात ठेवून. आणि मी सरांकडे गेले. तू पुढचा अख्खा हंगाम माझ्याशी बोलली नाहीस, माझ्या ताटात मुद्दाम करपलेली भाकरी वाढत होतीस. मी तेव्हाही बरोबर होते आणि आजही मागे घेत नाही. उलट आता पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर रोमच्या उत्तरेला शेतांवर ट्रॅक्टर फिरायला लागले, तेव्हा रोमच्या ब्रिटिश स्कूल या संशोधन संस्थेचे वॉर्ड-पर्किन्स माणसं घेऊन नांगरटीतून वर्षानुवर्षं चालले आणि वर आलेली खापरं गोळा केली. कुठे वस्ती होती, कुठे वाडी, कुठे रस्ता, हा दक्षिण एट्रुरियाचा, म्हणजे एट्रुस्कनांच्या मुलखाचा, सगळा नकाशा त्या वरच्या खापरांतून उभा राहिला. म्हणजे वरचं खापर फुकटचं नसतं. घे!

पण कुंदे, तेव्हा ते तुझ्या पिशवीत होतं. आज माझ्या डब्यात आहे, तर तुझं म्हणणं मला रात्री झोपताना फार गोड वाटतं. खोदकाम सोडल्यापासून हातात एक खापर आलेलं नव्हतं गं. मी लोकांना काचेपलीकडची दाखवते. डबा उघडते, बटणं बाजूला करते, कडेवरून अंगठा फिरवते, परत ठेवते. भांडं कोणतं असेल तेही ठरवून झालंय, उंच कानाचा पेला. वळण बघून तू सांगशील की चूक आहे. फोटो मात्र मी पाठवणार नाही, फोनवरचं सगळं यांना दिसतं.

परत करायचं हे मनाशी नक्की आहे. कसं, ते सुचत नाही. टपालाने पाठवू? पॉम्पेईला लोक उचललेले दगड माफीच्या चिठ्ठ्यांसकट टपालाने परत धाडतात. पण आपल्याकडून परदेशी पार्सल म्हणजे फॉर्म आला, आत काय आहे ते लिहा, किंमत लिहा. ‘खापर, एक नग’? जुनं आहे असं लिहिलं तर आपलाच 1972 चा पुरावस्तूंचा कायदा आठवून कुणीतरी मला बसवून ठेवील, आणि ते आपलं नाहीच हे मी कशावरून दाखवू? गाईडला मेल करू? सज्जन बाई आहे, पण तिला वर कळवावंच लागेल, मग ग्रुपचं नाव, ऑफिसचं नाव, काकांचं नाव. त्यांनी चोरीच्या बुद्धीने नेलं नाही गं. ते राजगडावरचा दगड नेतात तसंच नेलं, आणि मला पुढचा ग्रुप मिळवून देणारेही तेच. ऑक्टोबरमध्ये परत जायचंय, तेव्हा स्वतः नेऊन त्याच शेतात टाकू? ते फेकणं झालं. आणि विमानतळावर बॅग उघडली तर? एट्रुस्कन पुजारी मेंढीची कलेजी वाचून कौल द्यायचे. पिआचेंझाजवळ तर शिकायला केलेली ब्राँझची कलेजी सापडलीय, कडेला सोळा घरं, प्रत्येकात देव. मला मटणवाल्याकडे जायची पाळी येतेय.

त्यात काल काकांचा फोन. नातवाच्या शाळेत प्रदर्शन आहे. “मॅडम, ते तेवढं दोन दिवसांपुरतं द्या की. तुमचं नावही खाली लिहू.” कुंदे, माझं नाव! मी म्हटलं, काका, ते मी नीट ठेवलंय, शोधावं लागेल. ते म्हणाले, सावकाश, पुढच्या शनिवारी पुण्यात येतोच आहे.

तुझ्या घरचं विचारायचं राहिलंच. मोतीबिंदूचं झालं का? इंदूरला पाऊस आहे ना? चिरंजीवांचं बेंगळुरूचं नक्की झालं असं उषाने सांगितलं, छान झालं. सुनेला माझा आशीर्वाद सांग, तिच्या डोहाळजेवणाला येता आलं नाही. वाचनालयात तू पुन्हा भाषण दिलंस म्हणे. विषय काय ते लिही, मी भांडेन.

मुख्य उत्तर शनिवारच्या आत पाठव. फोन करू नकोस, सासूबाई उचलतात आणि मग तुम्ही दोघी लोणच्यावर जाता. लिहीच. सरांना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं ते लिही, आणि तू काय करशील ते वेगळ्या कागदावर. दोन्ही एकच निघालं तर मी सोमवारी मेल करते. नाहीतर काका आले की दार तू उघड.

तुझी,
नलू

ता.क. भाकरी तू मुद्दाम करपवत होतीस, हे एकदा तरी कबूल कर.