‘आधी सांगतो, आई बरी हाय’
नेरूळ, सप्टेंबर २०२०

वाशी मार्केटच्या टेम्पोवाल्या दादांना,
सप्रेम नमस्कार.

तुमचा नंबर माझ्याकडे ‘टेम्पो दादा’ म्हणून सेव्ह आहे, पण हल्ली बंद लागतो. तुमचं नाव विचारायचंही तेव्हा सुचलं नाही. म्हणून असं जाहीर लिहिते आहे. मार्केटातलं कुणी वाचलं तर तुमच्यापर्यंत पोचवेल.

३ जूनला दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे धडकलं, तेव्हा मी इथे खिडकीच्या फटीत फडकी कोंबत बसले होते. संध्याकाळी टीव्हीवर एकच धोशा, मुंबईवरचं संकट टळलं. टळून गेलं कुठे, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. ते आमच्या आईच्या कौलांवरून गेलं होतं.

मग फोन लागेना. विजेचे खांब आडवे, टॉवर बंद. लॉकडाऊनमुळे जिल्हा ओलांडायला पास हवा आणि पास मिळेना. ज्यांच्याकडे गाडी आणि पास दोन्ही होतं, ते आमचे एक नातलग ‘बघतो’ म्हणाले. अजून बघतायत. वाडीच्या ग्रुपवर उडणाऱ्या पत्र्यांचे व्हिडिओ फिरत होते, त्यातले निम्मे दुसऱ्याच कुठल्यातरी वादळाचे असावेत. एका बाईंनी तर फोन करून विचारलं, ‘अगं, तुमचं घर बसलं म्हणे?’ कुणी सांगितलं, तर ‘असं ऐकलं’.

अशात अनोळखी नंबरवरून तुमचा फोन आला. उचलला, पण तोंडातून हॅलोसुद्धा फुटेना. तुम्ही नाव सांगितलं नाहीत, कुठून बोलताय तेही नाही. पहिलं वाक्य होतं, ‘ताई, आधी सांगतो, आई बरी हाय. बाकीचं मग.’

बाकीचं तसं वाईटच होतं. माजघरावरची कौलं गेली होती, पोफळी मुळासकट आडव्या झाल्या होत्या, फणस गोठ्यावर पडला होता. पण ते सगळं मी खाली बसून, शांतपणे ऐकू शकले, कारण आधीचं वाक्य तुम्ही आधी सांगितलंत.

नंतर आईकडून कळलं ते असं. एका मंडळाचं सामान घेऊन तुम्ही भाड्याने गेला होतात. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं आणि जुन्या कपड्यांची गाठोडी. (त्यात जरीचे ब्लाउज आणि एक लग्नातला कोट होता. भर पावसात, छप्पर नसलेल्या घरात, कोट!) मंडळींनी बॅनर धरून फोटो काढले आणि ती त्यांच्या गाडीने पुढे गेली. तुम्ही थांबलात. पावतीपुस्तक काढून पाठकोऱ्या बाजूला एकेकाच्या मुंबई-ठाण्यातल्या माणसांचे नंबर उतरवून घेतलेत. आईला माझा नंबर पाठ नाही. कॅलेंडरवर लिहिलेला भिजून गेला होता. तुम्ही विचारत राहिलात तेव्हा तिला आठवलं, कोनाड्याच्या फळीवर खडूनेही लिहिलाय. टॉर्च धरून तो तुम्ही वाचलात. माणगाव सोडल्यावर रेंज आली, तशी गाडी कडेला घेऊन सगळ्यांना फोन लावलेत. शेजारच्या काकूंच्या मुलालाही तुम्ही असंच म्हणालात, ‘आधी सांगतो.’

दादा, हे तुम्हाला कुणी शिकवलं? कोकणाशी तुमचा संबंध आंब्याच्या पेट्यांपुरता. गाव तुमचं जुन्नरकडचं.

मला आईचा निरोपही तुम्ही तिच्याच शब्दांत दिलात: ‘रडत बसू नको म्हणावं, ताडपत्री पाठव.’ आणि स्वतःची भर घातलीत, की पातळ निळी पाठवू नका, वाऱ्याला टिकत नाही, ट्रकवर घालतात ती जाड पाठवा, सोबत दोरी, मेणबत्त्या, काडेपेट्या. पुढच्या खेपेला तुम्ही ती नेलीतही. दोरीचे पैसे मात्र घेतले नाहीत.

गावाला काय लागतं, हे आईला उभ्या उभ्या विचारणारे तुम्ही पहिले. तिने सांगितलं ते मी इथे सगळ्यांना सांगत सुटले. झाडं तोडायला कटर आणि त्यात घालायला पेट्रोल. पत्रे, आणि ते ठोकायला हुक आणि माणूस, कारण पत्र्यांचे भाव चढले होते आणि सुतार मिळत नव्हता. पाणी चढवायला आणि मोबाईल चार्ज करायला तासभर का होईना जनरेटर. आमच्या सोसायटीने शेवटी कपडे गोळा करणं थांबवून कटरवाल्याची मजुरी दिली. त्याचं श्रेय तुमचं आहे, त्यांना माहीत नसलं तरी.

सरकारी मदतीबद्दल फार बोलत नाही. बागायतीला हेक्टरी ५०,००० जाहीर झाले. आकडा मोठा वाटतो, पण आमची वाडी आठ गुंठ्यांची, म्हणजे हातात चार हजार. आडवी झाडं उचलायलाच त्याहून जास्त गेले. पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका, असं एका साहेबांनी बजावलं होतं. गोठ्यावरचा फणसही हलवायचा नाही, आणि म्हैस आत! आईने ऐकलं नाही, बरं केलं.

पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. आई सत्तरीच्या पुढची. तरी तिने पावसाळ्यातच नवी रोपं लावली आहेत. गणपतीपर्यंत माजघरावर पत्रे चढले. आरतीला तुमची आठवण निघाली तेव्हा ती म्हणाली, ‘त्या टेम्पोवाल्याला मी चहासुद्धा दिला नाही, चूलच भिजली होती.’ हे तिला फार लागून राहिलंय.

पैसे तुम्ही घेणार नाही, हे ठाऊक आहे. म्हणून तिने तुमच्यासाठी नारळाची दोन रोपं काढून ठेवलीत आणि रोज मला विचारते. तेवढं कळवा दादा: तुमच्या जुन्नरकडे नारळ धरतो का?

तुमची,
नेरूळची ताई