आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: रात्रपाळीला दुसरी सिस्टर कधी देताय?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
सा. न. वि. वि.

आपला वेळ मोलाचा, म्हणून थेट सांगते. गेल्या आठवड्यात माझी लेक एका ग्रामीण रुग्णालयात दाखल होती. आठवा महिना, पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे. कार्डावर बीपी १५०/१०० लिहिलेलं. १४०/९० झालं की धोका, हे आमच्या आशाताईलाही ठाऊक. पण रात्रभर पुन्हा पट्टा बांधायला कुणी आलं नाही. पहाटे तिला झटके आले.

सिस्टर धावत आली. चाळीसेक बायांच्या वॉर्डाला ती एकटी, वर लेबर रूमही तिच्याच गळ्यात. पण काम चोख! "तोंडात काही घालू नका, डाव्या कुशीवर वळवा." मॅगसल्फ, म्हणजे झटके थांबवायचं औषध, शिरेतून सावकाश दिलं, मग दोन्ही कुल्ह्यांत खोलवर. औषध जास्त तर झालं नाही ना हे बघायला, हातोडी नव्हती म्हणून, तळहाताच्या कडेनं गुडघ्याखाली मारून पाय उडतो का ते पाहिलं. लघवीची पिशवी लावली. तासाला ३० मिलीपेक्षा कमी झाली किंवा मिनिटाला श्वास १६ च्या खाली गेले, तर पुढचा डोस द्यायचा नाही. औषध जास्त झालं तर श्वासच बंद पडतो. त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, तिनं स्वतःच्या खिशात ठेवला होता. कपाटाची किल्ली स्टोअरवाल्याकडे आणि तो उगवतो दहाला!

तेवढ्यात आत एका बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला. सिस्टर तिकडे. मग लेकीचे श्वास भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजले मी, सातवी पास बाईनं. त्याचं मानधन कुठल्या योजनेत बसतं, साहेब?

दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांच्या तपासणीचं शिबिर होतं, फोटो निघतात. लेबर रूमच्या दर्जासाठीच्या 'लक्ष्य' योजनेची पाटीही लागेल. नर्सिंग कौन्सिल म्हणे साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका सांगतं. आमच्याकडे पाचाचे चाळीस कुणी केले? तीन वर्षं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, शिकलेली पोर निम्मी पाळी रजिस्टर आणि ऑनलाइन नोंदी भरण्यात घालवते. इमारतींना पैसा आहे, कारण इमारतीला कोनशिला लागते आणि तिच्यावर नाव कोरता येतं. सिस्टरच्या रिकाम्या पदावर कुणाचं नाव कोरणार? सरकारं बदलली, खुर्च्या बदलल्या, भरती मात्र कंत्राटी ती कंत्राटीच.

लेक वाचली. नातू एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षात आहे, दीड किलोही भरत नाही.

दुसरी सिस्टर कोणत्या तारखेपासून येणार, तेवढं कळवा. 'कार्यवाही सुरू आहे' हे उत्तर पाठवू नका; गावाच्या अर्जावर मागे आलेलं माझ्याकडे आहे.

आपली,
एक आई