विषय: उरलेल्या अर्ध्या थायरॉईडच्या ऑपरेशनचा क्लेम 'डुप्लिकेट' म्हणून नाकारला त्याबद्दल

तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

साहेब / मॅडम,

मी मानेवाडा, नागपूरहून लिहून राहिले. फोन काहून नाही केला ते पुढे सांगते.

जुलैमधे धंतोलीच्या हॉस्पिटलात माझ्या थायरॉईडचा उजवा भाग काढला, त्याचे पैसे तुम्ही दिले, त्याबद्दल तक्रार नाही. आधी सुईची टेस्ट केली होती पण त्यात नक्की कळलं नाही, कारण सुईत नुसत्या पेशी येतात, गाठीचं आवरण फुटलं का, रक्तवाहिनीत काही शिरलं का, हे गाठ काढून बायोप्सीला पाठवल्यावरच दिसते. रिपोर्ट आला तर फॉलिक्युलर कार्सिनोमा, म्हणजे थायरॉईडचा एक कॅन्सर, तोही रक्तवाहिन्यांत शिरलेला. मग ऑक्टोबरमधे डावा भाग पण काढावा लागला. तो तसाच ठेवला तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशी मारायला देतात तो रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीनचा डोस बराचसा तोच शोषून घेतो आणि पुढं थायरोग्लोब्युलिनची (थायरॉईडच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रोटीन) टेस्ट केली तरी आकडा चांगल्या भागातून आला की कॅन्सरमधून ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. हौस म्हणून कोणी त्याच जागी दुसऱ्यांदा गळा कापून घेत नाही बाप्पा.

कॅशलेसला तुम्ही आधी मंजुरी दिली होती. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी 11 ला बिल पाठवलं, संध्याकाळी 6 ला उत्तर काय, तर 'थायरॉईड सर्जरीचा क्लेम आधीच दिलेला आहे, डुप्लिकेट'. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या 2024 च्या सर्क्युलरमधे डिस्चार्जची मंजुरी 3 तासांत द्या असं लिहिलंय. त्या 7 तासांत कॅल्शियम उतरून माझ्या बोटांना मुंग्या येऊन राहिल्या होत्या आणि हे काउंटरवर उभे. शेवटी पोराच्या फीसाठी ठेवलेले 1,12,350 रुपये भरून घरी आलो.

दोन्ही रिपोर्ट मेल केले, डावा आणि उजवा वेगळा असतो हे पण लिहिलं. तर आता नवीन कारण, दुसऱ्या रिपोर्टमधे कॅन्सर सापडला नाही म्हणून ऑपरेशन गरजेचं नव्हतं! म्हणजे सापडला असता तर पैसे भेटले असते? तो रिपोर्ट आला तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली होती. आणि ऑपरेशनच्या आधी कोणाला माहीत होतं आत काय निघते ते?

तुमच्या हेल्पलाइनला चार वेळा लावला. दुसऱ्या ऑपरेशननं माझा आवाज बसलाय, स्वरयंत्राच्या नसेला सूज आहे, वेळ लागेल म्हणतात. तुमची मशीन 'माफ करा, आपलं बोलणं समजलं नाही' म्हणते आणि कट. ह्यांनी बोललं तर पॉलिसीधारकालाच बोलू द्या म्हणतात. घ्या आता.

तर पूर्ण रक्कम द्या. नाही द्यायची तर तुमच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीनं हा क्लेम नाकारायला मंजुरी दिली त्याचा कागद आणि पॉलिसीचं नेमकं कोणतं कलम, हे लेखी पाठवा. 30 दिवसांत झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे अर्ज टाकणार आहे, तिथं फी पण लागत नाही. आयोडीनचा डोस पुढच्या महिन्यात आहे, त्याचं बिल पण येईल, तेव्हा 'थायरॉईड तर पूर्ण काढलं, आता कशाचा इलाज' असं लिहू नका.

दोन्ही बायोप्सी रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, तुमचे दोन्ही मेल जोडलेत. उत्तर मेलवरच द्या, फोन नको.

आपली पॉलिसीधारक
मानेवाडा, नागपूर