बाळंत्यात गुंडाळलेला देव

प्रिय आई-बाबा,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आता माझं सगळं दुसऱ्यानंच करायचं. असल्या जगण्याचा देवाला काय उपयोग?" आईने लगेच औषधांचा विषय काढला. माझ्या मनातून मात्र ते गेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सध्या एक सव्वा किलोचं बाळ आहे. चोखायची ताकद नाही, म्हणून त्याच्या आईचं दूध नळीने जातं. पेटीच्या गोल खिडक्यांतून हात घालून त्याचं लंगोट बदलायचं, कूस बदलायची, कातडी इतकी नाजूक की चिकटपट्टी काढतानाही जीव मुठीत. काल रात्री हेच करताना लूकच्या शुभवर्तमानातलं येशूच्या जन्माचं वचन आठवलं : "त्याला तिने बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले." लहानपणापासून ते पाठ आहे, पण काल ते माझ्या हाताखालीच घडत होतं. सारं विश्व तोलून धरणाऱ्याला तेव्हा स्वतःची मान धरता येत नव्हती. मरीयेने त्याला पुसलं, भरवलं, त्याचे ओले कपडे बदलले. देवाने हे करून घेतलं, बाबा. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही.

(नाताळच्या नाटकात आपण बाहुली ठेवतो. मला वाटतं, एकदा तरी खरं, रडणारं बाळ असावं.)

देवाला असलं शरीर शोभत नाही, ते नुसतं भासत होतं, असं म्हणणारे लोक पहिल्यापासून होते. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस, शिपायांच्या पहाऱ्यात रोमला मरणाकडे नेला जात असताना, मंडळ्यांना पत्रांतून बजावत होता की ख्रिस्त खरोखर जन्मला, खरोखर जेवला-प्याला, खरोखर मेला. तो एवढ्या हट्टाने का लिहीत होता ते मला आता कळतं. ते शरीर खरं नसेल, तर तुमच्या लुळ्या पडलेल्या उजव्या हाताशी देवाचा काय संबंध उरला? पण येशू थकून विहिरीपाशी बसला, लाजराच्या कबरेशी रडला, वधस्तंभावर त्याला तहान लागली. आणि मेलेल्यांतून उठल्यावरही त्याने शरीर टाकून दिलं नाही. थोमा या शिष्याला त्याने हातांवरच्या खुणा दाखवल्या. माझी आशा तिथे आहे. पुढचा एमआरआय काहीही सांगो, ती हलत नाही.

आई, तू सकाळी कोमट पाण्याने बाबांना पुसतेस, पाठीला बेडसोर होऊ नये म्हणून रात्रीही उठून कूस बदलतेस. "प्रार्थनेला वेळच मिळत नाही गं," असं म्हणतेस. मला तर तुझं हे कामच प्रार्थना वाटतं. पण तुझी झोप होत नाही हेही मला दिसतं. रात्रीसाठी एक मावशी ठेवूया, पैशाचं मी बघते. नाही म्हणू नकोस.

बाबा, मी २३ तारखेला रात्री नगरला पोचते. पंचविसाच्या उपासनेला तुम्हाला घेऊन जायचं ठरवलं आहे. मंदिराच्या पायऱ्यांवर फळी टाकायचं पाळकसाहेबांशी बोलून झालंय. व्हीलचेअरवर लोक बघतील म्हणून तुम्ही टाळाल, ते मला माहीत आहे. बघू देत. दाढी मी करून देईन.

तुमची,
बेबी