बेचाळीस दिवस पुण्यात होतो

लेस्टर,
रविवार रात्र

प्रिय दत्तू,

माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुण्यात. बेचाळीस दिवस पुतण्याकडे कोथरूडला होतो आणि तुला फोन केला नाही. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगतोय. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग पुढचं वाच.

तब्येत ठीक. परत आल्यावर पोटरीत गुठळी झाली होती, गोळ्या चालू आहेत.

इथे इंग्लंडमध्ये सरकारी दवाखान्यात 18 आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असा नियम आहे, पण रांग 70 लाखांच्या वर. मला म्हणाले, वर्ष तरी धरा. मी तेव्हा जिना बसून उतरत होतो. इथल्या खाजगी दवाखान्याने 15 हजार पौंड सांगितले, पुण्यात तिकिटासकट त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात झालं. तूच एकदा दुकानातून फोनवर सांगितलं होतंस, 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याची किंमत बांधून दिली, दीड लाखावरचा सांधा 54,720 वर आला म्हणून. ते डोक्यात पक्कं बसलं होतं.

आता जे फक्त तुलाच कळेल ते. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पाहिला आणि म्हणाली, "सर, फॉरेन पेशंट पलीकडच्या खिडकीत." मी मराठीत बोलतोय, ती इंग्रजीत उत्तर देतेय. त्या खिडकीत दर वेगळा. सांधा तोच, खाट तीच, दर वेगळा! परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड पुढे केलं, तर म्हणाली, "त्याने व्हिसा लागत नाही सर, पण पासपोर्ट ब्रिटिशच आहे ना?" पोरीचं काय चुकलं? पण दत्तू, आपली शाळा तिथून चालत दहा मिनिटांवर आहे रे.

आणि मला 2004 आठवलं. माईंच्या ओट्यावर तू बोट रोखून म्हणाला होतास, "आपल्याकडे दोन पासपोर्ट चालत नाहीत. उद्या आजारी पडलास तर कोणाच्या दारात जाशील?" त्यावरून मी तुझ्याशी तीन वर्षं बोललो नव्हतो. तेच वाक्य पुन्हा, आणि मी खाटेवर, हे मला सहन झालं नसतं. म्हणून फोन केला नाही. दुसरं कारण नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर हातात देऊन चालवलं. व्यायाम घेणारी पोरगी थेट नेने मास्तरांच्या सुरात "एक, दोन" मोजायची. तू असतास तर मधेच उलटे आकडे म्हणून तिला चुकवलं असतंस.

खरी काळजी पुढेच आहे. इथले डॉक्टर म्हणतात, असं ऑपरेशन झाल्यावर तीन महिने लांबचा विमानप्रवास नको. पुण्यात सहा आठवडे पुरे म्हणाले, रजाही संपत आली होती, म्हणून नऊ तास बसून आलो. चौथ्या दिवशी पोटरी दगडासारखी. इथल्या सरकारी दवाखान्याने रात्रीत सोनोग्राफी करून औषध सुरू केलं, एक पैसा घेतला नाही. पण गुडघ्याचं विचारलं की ते पुण्याला विचारा म्हणतात, आणि पुणं म्हणतं तिथेच दाखवा. माझ्या पायात नेमकं काय बसवलंय याचा पुरावा म्हणजे फाईलच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली सांध्याच्या खोक्यावरची चार स्टिकरं. त्यातलं एक अर्धं सुटलंय. मी रोज अंगठ्याने दाबून बसवतो.

आणि आता उजवाही बोलायला लागलाय. पुन्हा रांगेत उभं राहू की पुन्हा पुण्याला येऊ? रात्ररात्र हेच. पुतण्या चौथ्या मजल्यावर, लिफ्ट दिवसाआड बंद. त्याची बायको बिचारी माझ्यासाठी पंधरा दिवस घरी राहिली. आणखी किती मागायचं?

कुंदावहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? धाकट्याच्या लग्नाचं कुठवर आलं? दुकान पोराने हातात घेतलं असं ऐकलं, बरं झालं.

दवाखान्यातल्या भरतीच्या फॉर्मवर "स्थानिक नातेवाईक" असा एक रकाना असतो. तुझा नंबर मला तोंडपाठ आहे, पेन तिथेच बराच वेळ टेकवून ठेवलं होतं, आणि शेवटी पुतण्याचा लिहिला. जानेवारीत आलो तर तुझ्या तळमजल्यावरच्या खोलीत तीन महिने राहीन, पुरे तीन. त्या रकान्यात तुझं नाव लिहू का, तेवढं कळव.

तुझा,
विन्या